सांगलीतून २०० मिमी दुर्बीण, एनजीसी ४१५१ च्या चकतीचा लॅग ३.४ दिवस आला. धरायचा का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भौतिकशास्त्राचा प्रकल्प आहे. एनजीसी ४१५१ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराभोवतीची ॲक्रिशन डिस्क (आत ओढल्या जाणाऱ्या वायूची तापलेली चकती) केवढी, ते प्रकाशाच्या चढउतारांवरून काढायचं. तत्त्व नेहमीचंच: चकतीचा आतला भाग जास्त तापलेला, म्हणून निळा, बाहेरचा थंड, म्हणून तांबूस. मध्यात उजेड वाढला की तो आधी निळ्यात दिसतो, मग तांबड्यात, आणि मधला उशीर (लॅग) म्हणजे दोन कड्यांमधलं प्रकाश-अंतर.

सामग्री: २०० मिमी एफ/५ न्यूटोनियन, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कूल्ड सीमॉस कॅमेरा (उणे १० अंश). पिक्सेलमागे ०.७८ आर्कसेकंद, क्षेत्र ३९ आर्कमिनिटं. स्लोन जी (निळसर) आणि आय (गडद तांबडा) फिल्टर. जागा दंडोबाच्या पायथ्याला. १० जानेवारी ते २० एप्रिल या १०१ रात्रींपैकी ४६ हाती लागल्या. मार्चअखेर वळवाच्या ढगांत सलग ९ रात्री गेल्या. दर रात्री प्रत्येक फिल्टरमध्ये ६० सेकंदांच्या १५ फ्रेम, त्यांची सरासरी काढून एक बिंदू. फोटोमेट्री (तेजमापन) ॲस्ट्रोइमेजजेमध्ये, ॲपर्चरची (मोजणीच्या वर्तुळाची) त्रिज्या त्या रात्रीच्या एफडब्ल्यूएचएमच्या (ताऱ्याच्या ठिपक्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी) दीडपट (ऑटो). सॉफ्टवेअर ०.००३ मॅग्निट्यूड चूक दाखवतं.

पायसीसीएफमधून (दोन प्रकाशवक्र सरकवून सहसंबंध काढणारा प्रोग्रॅम) आय फिल्टर जीच्या मागे ३.४ दिवस आला, चूक +३.१ −२.८, सहसंबंधाचं शिखर ०.८६.

तर (१) ही चकती म्हणायची का, (२) फ्रेम दुप्पट केल्या तर चूक उतरेल का, (३) नसेल जमत तर हीच दुर्बीण पुढच्या हंगामात कशाला लावू?


प्रकाशदिवस

धरू नका. चूक मोठी आहे हे एक झालं, पण उत्तर किती यायला हवं हे न काढता मोजायला बसलात, घोळ तिथे आहे.

सोयीसाठी १० कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर घ्या. त्याची गुरुत्वत्रिज्या (कृष्णविवराच्या आकाराचं एकक, GM/c²) १४.८ कोटी किमी, म्हणजे जवळपास सूर्य ते पृथ्वी. प्रकाशाला आठ मिनिटं. तेज एडिंग्टन मर्यादेच्या (जिथे प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलतो) १०%, कार्यक्षमता (पडणाऱ्या वस्तुमानाचा प्रकाश होणारा वाटा) १०%. शाकुरा आणि सुन्याएव यांच्या १९७३ च्या पातळ चकतीत हे आकडे घाला, की जी फिल्टरचा प्रकाश सरासरीने १८० गुरुत्वत्रिज्यांवरून येतो असं निघतं. म्हणजे केंद्रापासून एक प्रकाशदिवस. तापमान त्रिज्येच्या उणे पाऊण घाताने उतरतं, म्हणून उशीर तरंगलांबीच्या चार-तृतीयांश घाताने चढतो. जी ४७७०, आर ६२३०, आय ७६२५ अँगस्ट्रॉम धरले तर जी ते आर ०.४ दिवस आणि जी ते आय ०.९ दिवस.

आता एनजीसी ४१५१ कडे या. एडिंग्टन गुणोत्तर तेच असेल तर उशीर वस्तुमानाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतो. गुणोत्तर बदललं तर त्याच्या एक-तृतीयांश घाताने. वस्तुमान दोन कोटी सूर्य आणि तेज एडिंग्टनच्या २% धरू: ०.९ × ०.३४ × ०.५८ = ०.१८ दिवस. चार-सव्वाचार तास झाले. प्रत्यक्षातल्या चकत्या या हिशेबापेक्षा मोठ्या निघतात हे खरं. २०१४ मध्ये हबल आणि स्विफ्टने एनजीसी ५५४८ वर जी मोठी मोहीम चालवली तिच्यात जवळपास तिप्पट निघाली. एनजीसी ४१५१ वर स्विफ्टची मोहीम २०१६ ची, तिच्यात अतिनील ते दृश्य एवढ्या लांब पल्ल्याचा उशीरसुद्धा अर्धा ते एक दिवस होता. तुमचा पल्ला फक्त जी ते आय. तिप्पट धरूनही अर्धा दिवस. बिंदू मात्र २४ तासांनी एक, आणि तोही निम्म्याहून जास्त रात्री गायब.

म्हणून (२) चं उत्तर नाही. फ्रेम वाढवून बिंदूची उभी चूक उतरते, तुमची अडचण आडवी आहे.

३.४ दिवस आले कुठून? वक्र इथे टाकलेला नाही, पण शिखर ०.८६ आणि चूक तीन दिवस म्हणजे शिखर पसरट आहे. अंदाज असा, की साडेतीन महिन्यांत दीर्घिका एकाच दिशेने हळूहळू मंदावली किंवा उजळली असणार. उतरत्या सरळ रेघेची गंमत अशी, की ती डावीकडे सरकवा की खाली सरकवा, दिसायला सारखीच. सहसंबंधाला पकडायला कोपरा लागतो. सरळ रस्त्यावर दोन गाड्यांत किती अंतर आहे ते लांबून कळत नाही. खंबाटकीच्या वळणावर एक वळली आणि दुसरी कधी वळली ते पाहिलं की लगेच कळतं. तुमच्या वक्रात अशी वळणं किती, ते आधी मोजा. तीन-चार तरी हवीत.

दोन्ही वक्रांतून सरळ रेघ वजा करा आणि पायसीसीएफ पुन्हा चालवा. शिखर ०.५ च्या खाली आलं तर ३.४ मध्ये काही नव्हतं. ९ रात्रींच्या खिंडारावरून इंटरपोलेशन होऊ देऊ नका, वक्राचे तिथे दोन तुकडे करा.


फ्लॅट_फ्रेम

वरचं सगळं मान्य. मला खटकलं ते "एफडब्ल्यूएचएमच्या दीडपट (ऑटो)". ताऱ्यांच्या फोटोमेट्रीत ही सेटिंग चालते. दीर्घिकेच्या केंद्राला ती विषासारखी.

तुलनातारा (ज्याच्याशी ताडून तेज मोजता तो) बिंदू आहे. तुमचं लक्ष्य म्हणजे बिंदू अधिक त्याभोवती पसरलेली दीर्घिका. सीइंग (हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका किती पसरतो ते) २.५ आर्कसेकंद असलेल्या रात्री ऑटो ॲपर्चरची त्रिज्या ३.७५, आणि ४.५ असलेल्या रात्री ६.७५. पसरलेल्या भागाचं क्षेत्र सव्वातीन पट झालं. ताऱ्याचा प्रकाश दोन्ही रात्री सारख्याच प्रमाणात पकडला गेला, दीर्घिकेचा मात्र वाढला. म्हणजे हवा खराब झाली की केंद्र "उजळतं". आणि दीर्घिकेचा फुगवटा तांबूस असल्याने हा खोटा उजेड आयमध्ये जास्त, जीमध्ये कमी.

लहान ॲपर्चर कायम ठेवून सुटका होत नाही. खराब रात्री ताऱ्याचा प्रकाश ॲपर्चरबाहेर सांडतो, दीर्घिकेचा तेवढा सांडत नाही, गुणोत्तर पुन्हा वरच जातं.

यातली मेख अशी, की जी आणि आय एकाच रात्री, एकाच हवेत घेतलेले. दोघांच्या चुका एकाच दिवशी एकाच दिशेला जातात, आणि सहसंबंधाला त्या खऱ्या चढउतारासारख्याच दिसतात, शून्य दिवसांच्या उशीराने. त्यामुळे शिखर उंच दिसतं आणि शून्याकडे ओढलं जातं. सॉफ्टवेअरची ०.००३ ही फक्त फोटॉन आणि वाचन-गोंगाटाची चूक, यातलं काही तिला माहीत नसतं.

तपासणी अशी करा:

आडव्या अक्षावर रात्रीचा एफडब्ल्यूएचएम, उभ्यावर लक्ष्य वजा तुलनातारा. ठिपके ढगासारखे विखुरले तर ठीक. तिरकी रेघ दिसली तर तिचा उतार म्हणजे तुमची चूक. मग त्याच फ्रेम ४, ६, ८, १० आर्कसेकंद अशा कायम त्रिज्यांनी मोजा. त्रिज्या वाढेल तसा उतार मरत जातो. या दीर्घिकेला मी १० वापरेन आणि पार्श्वभूमीचं कडं ४० ते ६० आर्कसेकंद, रोज तेच. त्या कड्यात दीर्घिकेच्या डिस्कचा थोडा प्रकाश येणार, येऊ द्या. तो रोज सारखा असतो, शून्यबिंदू सरकतो फक्त. इमेज सबट्रॅक्शन जमत असेल तर सगळ्यात उत्तम: हॉटपँट्ससारखा प्रोग्रॅम घ्या आणि चांगल्या सीइंगच्या आठ-दहा फ्रेमची संदर्भप्रतिमा करा.

नियंत्रण म्हणून शेजारच्या एनजीसी ४१५६ वर तेच माप घेऊन पाहण्याचा मोह होतो, तुमच्या क्षेत्रात ती येतेच. पण तीही साधीभोळी नाही. तिच्या केंद्राने रूप बदलल्याचं २०२२ मध्ये छापून आलंय. तिच्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा दोन-तीन तपासणी-तारे घ्या.

अजून एक, ६० सेकंद जास्त होतात. केंद्र ११.५ च्या आसपास असताना जी फिल्टरमध्ये तुमच्या दुर्बिणीला मिनिटाला सुमारे तीन लाख इलेक्ट्रॉन मिळतात. सीइंग साडेतीन असेल तर मधल्या पिक्सेलवर बारा-तेरा हजार, दोनवर आलं तर अडतीस हजार. फुल वेल (एका पिक्सेलमध्ये मावणारे इलेक्ट्रॉन) ५०,००० चं असेल तर लक्ष्य वाचतं, पण एक मॅग्निट्यूड तेजस्वी तुलनातारा तीन आर्कसेकंदांच्या साध्या रात्रीही ४३ हजारांवर जातो, आणि त्याहून चांगल्या हवेत तर फुटतोच (पिक्सेल भरून वरचा प्रकाश मोजला जात नाही). गेन चढवलेला असेल तर त्याही आधी. तो फुटला की केंद्र उजळल्यासारखं दिसतं, तेही नेमकं तुमच्या उत्तम रात्री. ३० सेकंदांच्या ३० फ्रेम घ्या.


गुऱ्हाळ

तुलनाताऱ्याचा रंगही पाहा. केंद्र निळं असतं आणि हाताला लागणारे तारे बहुतेक पिवळे-तांबूस. क्षितिजाकडे उतरताना निळा प्रकाश जास्त खाल्ला जातो, त्यामुळे एअरमास (प्रकाशाच्या वाटेतल्या हवेची जाडी, शिरोबिंदूला १) १ वरून २ वर गेला की जीमध्ये एक-दोन शतांश मॅग्निट्यूडचा फरक नुसत्या रंगामुळे पडतो. कारखान्याच्या हंगामात पाचट पेटवलं की धुराची भर वेगळीच. एअरमास १.५ च्या आत ठेवा; सांगलीहून ही दीर्घिका मध्यमंडळावर शिरोबिंदूपासून फक्त साडेबावीस अंशांवर असते, त्यामुळे काही कठीण नाही.


कृष्णाकाठ

करून पाहिलं. ऑटो ॲपर्चरला आय फिल्टरचा एफडब्ल्यूएचएमशी सहसंबंध ०.७ होता, १० आर्कसेकंद कायम केल्यावर ०.१. सरळ रेघ वजा करून, खिंडारापाशी तुकडे पाडून पुन्हा चालवलं तर शिखर ०.४१, उशीर ०.२ दिवस, चूक दोन्हीकडे १.९. सहा रात्री तुलनातारा फुटलेला सापडला, सगळ्या चांगल्या हवेच्या.

म्हणजे साप समजून भुई धोपटत होतो. आता प्रश्न (३). ३सी २७३ (क्वेसार, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्र) घेऊ का? तेजस्वी आहे आणि वस्तुमानही मोठं.


प्रकाशदिवस

३सी २७३ नको. तिच्यात जेटचा (केंद्रातून सुसाट सुटणाऱ्या झोताचा) वाटा मिसळलेला असतो. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी वाढण्याचं प्रमाण) ०.१५८, त्यामुळे एच-अल्फा ही हायड्रोजनची रेषा बरोबर ७६०० अँगस्ट्रॉमवर येते: एक तर आय फिल्टरच्या मधोमध, वर पृथ्वीच्या ऑक्सिजनच्या पट्ट्यात. शिवाय क्रांतिवृत्ताजवळ असल्याने दर महिन्याला चंद्र शेजारी येऊन बसतो. ओजे २८७, मार्केरियन ४२१ वगैरे ब्लेझार (जेट थेट आपल्याकडे रोखलेली केंद्रं) तर यादीतूनच काढा. त्यांचा चढउतार झोकात असतो, पण तो जेटचा, चकतीचा नाही.


यवतेश्वर_अडीच_वाजता

या दुर्बिणीने चकती मोजता येणार नाही, हे ठरलं. पण चकतीच्या बाहेरचं पुढचं पाऊल, म्हणजे रुंद रेषांचा प्रदेश (वर्णपटात रुंद रेषा देणारे वेगवान वायूचे ढग), तिच्या आवाक्यात आहे. तिथला उशीर आठवड्यांचा असतो आणि रोज एक बिंदू पुरतो. २०११ मध्ये जर्मन गटाने चिलीतल्या अवघ्या १५ सेंमीच्या दुर्बिणींतून, वर्णपट न घेता, नुसत्या फिल्टरांवर हे केलं होतं. त्यातलं एक लक्ष्य मार्केरियन ३३५ ही दीर्घिका.

ते आपल्याकडून का सोयीचं: ताम्रसृती ०.०२५८, म्हणून एच-बीटा ४८६१ वरून ४९८६ अँगस्ट्रॉमवर सरकते, आणि हौशी लोक तेजोमेघांसाठी वापरतात त्या ५००७ च्या ओ-तीन (ऑक्सिजनच्या रेषेच्या) फिल्टरमध्ये अलगद बसते. दीर्घिकेची स्वतःची ओ-तीन रेषा ५१३६ वर जाते, म्हणजे फिल्टरबाहेर. फिल्टर घेताना मात्र ७ नॅनोमीटरचा घ्या. दुकानदार ३ नॅनोमीटरचा "भारी" म्हणून गळ्यात मारेल. तो ४९९२ ला सुरू होतो, तुमची रेषा त्याच्या उंबऱ्याबाहेर राहते. ७ चा ४९७२ ते ५०४२ घेतो. एफ/५ च्या तिरक्या किरणांमुळे पट्टा किंचित निळ्याकडे सरकतो, इथे ते पथ्यावरच पडतं.

सातत्यपटासाठी (रेषांखालचा सलग प्रकाश) व्ही फिल्टर. अरुंद फिल्टरमध्ये रेषेबरोबर सातत्यपटही येतो. तो व्हीवरून मोजून वजा करावा लागतो, नाहीतर शून्य दिवसांचं खोटं शिखर खऱ्या शिखरावर चढून बसतं.

वेळेचा हिशेब: केंद्र १४ व्या प्रतीच्या आसपास. ७ नॅनोमीटरमध्ये २०० मिमीला सेकंदाला पंचवीसेक इलेक्ट्रॉन, ३०० सेकंदांच्या १२ फ्रेममध्ये ऐंशी-नव्वद हजार. आकाशाची भर धरूनही एक टक्क्याच्या आत राहाल. व्हीला १२० सेकंदांच्या ८ पुरे. उशीर दोन-तीन आठवड्यांचा येतो, म्हणजे मालिका किमान शंभर दिवसांची हवी.

मोसम ऑक्टोबर ते जानेवारी. सप्टेंबरअखेर ती मध्यरात्री माथ्यावर असते, साताऱ्याहून शिरोबिंदूपासून अडीच अंशांवर, त्यामुळे रोज मेरिडियन फ्लिप (मध्यमंडळ ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं) होणार. फ्लिपनंतर चित्र १८० अंश फिरतं, तारा सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो, आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडावर घेतलेली दुरुस्ती-फ्रेम) अर्धवट असेल तर रोज फ्लिपपाशी एक पायरी दिसते. सोपा उपाय म्हणजे सगळ्या फ्रेम फ्लिपच्या एकाच बाजूला घ्या.

जागेचं म्हणाल तर कृष्णाकाठी नोव्हेंबर-डिसेंबरात धुकं आणि दव दोन्ही. न्यूटोनियनच्या दुय्यम आरशाला हीटर पट्टी लावाच. चाळकेवाडीच्या पठारावर आकाश काळं आहे, पण ज्या वाऱ्यासाठी पवनचक्क्या बसवल्या तोच २०० मिमीच्या नळीला शिडासारखा ढकलतो, ३०० सेकंदांचं गायडिंग टिकत नाही. कासला पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो. जतकडचा कोरडा भाग या कामाला सगळ्यात बरा.


विदा_वेचक

दुर्बिणीचं झालं. पण प्रकल्पाच्या नावात चकती असेल तर चकतीही काढता येईल, दुसऱ्याच्या विदेवर (डेटावर). झेडटीएफ (झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, आकाशाचं सर्वेक्षण) २०१८ पासून पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीतून उत्तरेचं आकाश दोन-तीन रात्रींनी जी आणि आरमध्ये टिपतंय, विदा फुकट. नैनीतालच्या एरीज या खगोलसंस्थेतल्या गटाने याच विदेवर चकत्यांचे आकार काढून २०२२ मध्ये छापले आहेत, तेव्हा वाट मळलेली आहे.

लक्ष्य निवडताना प्रकाशदिवस यांचंच गणित उलटं लावा. १०० कोटी सूर्य धरले तर सगळे उशीर ४.६ पट: जी ते आर दोन दिवस, जी ते आय चार. ताम्रसृतीने उशीर वाढतो असं वाटतं, पण आपण उगमाची आखूड तरंगलांबी पाहत असतो. दोन्ही मिळून तो (१ + ताम्रसृती) च्या घनमुळाने कमीच होतो. प्रत १६ ते १८ ठेवा. १३ च्या वरच्या तेजस्वी वस्तू झेडटीएफमध्ये फुटतात, एनजीसी ४१५१ तिथे शोधू नका.

मग विदा. प्रकाशवक्र सेवेतून घेतलात तर कॅटफ्लॅग्ज (खराब बिंदूंवरची खूण) शून्य असलेलेच बिंदू ठेवा. एकाच वस्तूला दोन-तीन ओळख-क्रमांक दिसतील. ते वेगवेगळ्या फील्डचे आणि सीसीडी-चतुर्थांशांचे असतात, नुसते एकाखाली एक चिकटवू नका. सर्वांत जास्त बिंदूंचा एक घ्या, किंवा एकाच काळातले बिंदू जुळवून फरक काढा. जवळच्या, दीर्घिका दिसणाऱ्या लक्ष्यांना फोर्स्ड फोटोमेट्री (ठरवून दिलेल्या जागीच तेज मोजणं) बरी, कारण ती वजा केलेल्या प्रतिमांवर चालते आणि फ्लॅट_फ्रेम यांनी सांगितलेली सीइंगची भानगड बरीचशी तिथेच मिटते. तिथे इन्फोबिट्स-साय ३३५५४४३२ पेक्षा कमी आणि सीइंग ४ आर्कसेकंदांच्या आत, एवढी चाळणी लावा. एका रात्रीतले बिंदू एकत्र करा. वेळ सूर्यकेंद्री की साधी यावर डोकं खाजवू नका. फरक जास्तीत जास्त आठ मिनिटं, तुम्हाला दिवस मोजायचेत.

बदलाचं प्रमाण आधी तपासा. सरासरी १००, विखुरण ६, सरासरी चूक २ असेल तर (३६ − ४) चं वर्गमूळ भागिले १००, म्हणजे ५.७%. पाच टक्क्यांच्या खालचे क्वेसार सोडून द्या.

मग पायसीसीएफ आणि जॅव्हलिन (उशीर काढणारा दुसरा प्रोग्रॅम) दोन्ही. पायसीसीएफमध्ये शिखराच्या ८०% वरच्या भागाचा मध्य घ्या, हजारभर फेऱ्या. जॅव्हलिन फोर्ट्रानवर बसलेलं आहे, विंडोजवर छळतं, लिनक्सवर टाका. ते प्रकाशवक्राला डॅम्प्ड रँडम वॉक (भरकटून पुन्हा सरासरीकडे ओढली जाणारी चाल) मानतं. शोधाची खिडकी ±२० दिवस ठेवा. मोठी ठेवलीत तर ऋतूतल्या खिंडारात, जिथे एकही बिंदू नाही, तिथेच त्याला "उशीर" सापडतो. दोन पद्धतींचं उत्तर जुळलं नाही तर ते क्वेसार बाद. तीन दिवसांनी एक बिंदू आणि दोन दिवसांचा उशीर, म्हणजे एकावर विसंबता येत नाही. वीस-तीस घ्या आणि सिद्धांताशी गुणोत्तराचं वितरण दाखवा.


प्रकाशदिवस

वरच्यात एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो. जी फिल्टर साधारण ४१०० ते ५५०० चा. ताम्रसृती ०.५ ला तो उगमाच्या २७३० ते ३६७० अँगस्ट्रॉमवर बसतो, म्हणजे जवळजवळ सगळा बामर मर्यादेच्या (हायड्रोजनच्या बामर रेषांची निळी हद्द, ३६४६) निळ्या बाजूला. तिथे चकतीबरोबर रुंद रेषांच्या ढगांचाही सातत्यपट मिसळतो, आणि ते ढग चकतीपेक्षा कितीतरी लांब आहेत. त्यामुळे जीच उशिरा येतो. जी ते आर उशीर आक्रसतो, कधी उणेही होतो. एनजीसी ५५४८ आणि ४५९३ मध्ये यू फिल्टरला हाच फुगवटा दिसला. उणे आकडा आला म्हणून प्रोग्रॅम उघडून बसू नका. "चकती तिप्पट मोठी" या निष्कर्षातला काही भागही याच ढगांचा असू शकतो. प्रबंधात तिप्पट लिहिताना हे वाक्य जोडा. यादी ताम्रसृतीप्रमाणे दोन-तीन गटांत पाडली तर हा परिणाम तुम्हालाच दिसेल.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतील: उजेड बाहेर जातो कशावरून, पदार्थच आत येत असेल तर? १० कोटी सूर्य, १०० गुरुत्वत्रिज्या धरा: प्रदक्षिणेचा काळ (२π ने न गुणता) ५.७ दिवस, अल्फा (चकतीतल्या घर्षणाचं माप) ०.१ ला उष्णतेचा ५७ दिवस, आणि जाडी त्रिज्येच्या शतांश असेल तर पदार्थ आत सरकायला दीड हजार वर्षं. दिवसा-दोन दिवसांत सगळे रंग एका सुरात हलतात, तिथपर्यंत पोचणारा फक्त प्रकाश. क्ष-किरणांचा दिवा मध्यात आहे असं मात्र ठासून सांगू नका. क्ष-किरण आणि अतिनील यांचा सहसंबंध बऱ्याचदा अतिनील आणि दृश्य यांच्यापेक्षा ढिला निघतो, आणि एनजीसी ४१५१ मध्ये त्यांच्यातला उशीर तीन-चार दिवसांचा आला होता, साध्या चित्रात तो बसत नाही.


कृष्णाकाठ

झेडटीएफची यादी करायला घेतली. शेवटचं: मार्केरियन ३३५ च्या एका हंगामातून डॅम्पिंगचा काळही (चढउतार सरासरीकडे परतायला लागणारा) काढता येईल का? २०२१ च्या सायन्स नियतकालिकातलं सूत्र हाताशी आहे: १०७ दिवस गुणिले (वस्तुमान भागिले १० कोटी) चा ०.३८ घात.


विदा_वेचक

नाही. मालिका त्या काळाच्या किमान दहापट लांब लागते, नाहीतर उत्तर मालिकेच्या लांबीलाच चिकटतं. १० कोटी सूर्यांना तीन वर्षं, १०० कोटींना २५७ दिवसांची दहापट, म्हणजे सात वर्षं. तेही झेडटीएफमधूनच काढा, आणि (१ + ताम्रसृती) ने भागायला विसरू नका.


यवतेश्वर_अडीच_वाजता

फिल्टर मागवताना दुकानदाराकडून त्याच्या पट्ट्याचा आलेख मागून घ्या. मध्य ५००७ लिहिलेला असतो आणि निघतो ५०१५. तसा निघाला तर ७ नॅनोमीटरमध्येही तुमची ४९८६ काठावर येते.